खाली काय होतं?

बातमी फोनवर आली, तीही हिंदीत. "मेश्रामजी नहीं रहे. शेड में सीढ़ी से गिर गए." मी कुम्हारीहून परत येत होतो, बसमध्ये उभा. पुढचं काही ऐकूच आलं नाही... आणि खरं सांगतो, रडू येण्याआधी रागच आला. मेश्रामभाऊ पडले? दुसऱ्याच्या घरी चप्पल काढतानाही फरशी ओली आहे का ते बघणारा माणूस, तो पडला?

रसमड्याच्या आमच्या ढलाईच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात अपघातांची नोंद मेश्रामभाऊ करायचे. इतर ठिकाणी अशी नोंद एका ओळीत उरकतात: पाय घसरला, कामगाराची चूक. भाऊंना ती ओळ चालत नसे. जखमी माणसाच्या खाटेशी बसायचे, त्याला चहा पाजायचे आणि विचारायचे, "खाली काय होतं?" तेल की वाळू? मग, दिवा लागला होता का? कठडा होता का? लिहिलेलं सगळं त्याला वाचून दाखवायचे, तेव्हा कुठं सही. कोणी नुसता ठेचकाळला तरी हेच. आम्ही वैतागायचो. "भाऊ, अंगठाच तं फुटला, जाऊ द्या ना!"

"आज अंगठा फुटला, उद्या डोकं फुटन. जाऊ कावून देऊ?"

माझी दोन बोटं मशीनमध्ये गेली तेव्हा मीच म्हणालो होतो, माझंच लक्ष नव्हतं. भाऊ खेकसले, "गप रे विलास! मशीनले जाळी कावून नव्हती, ते सांग." त्यांनी ते लिहिलं म्हणून माझी नोकरी राहिली आणि मशीनला जाळी बसली. भाऊंची बढती मात्र राहूनच गेली. साहेब लोकांच्या डोळ्यांत त्यांचं लिहिणं खुपायचं. वहिनी चिडवायच्या, "नोकरी करून राहिले का पंचनामे?" भाऊ नुसते हसायचे.

भाऊ गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यातून एक अधिकारी स्मृति नगरला भाऊंच्या घरी आला. बोलायला गोड. हातात कागद: 'पैर फिसला. कर्मचारी की असावधानी.' म्हणाला, "बस, एक दस्तखत कर दीजिए. फिर बेटे की नौकरी का भी देख लेंगे." मुलगा वर्षभर घरी बसलेला. मला वाटलं, करून टाका वहिनी... गेलेला माणूस काय परत येतो?

वहिनींनी कागद सावकाश वाचला. मग विचारलं, "खाली काय होतं?"

त्याला कळेना. मी सांगितलं, "पूछ रही हैं, नीचे क्या था."

"वो तो... किसी ने देखा नहीं."

"मंग पाहून या. लिहून आना, मले वाचून दाखवा. मंग करतो सही."

तो काही परत आला नाही. कागद अजून हॉलमध्ये टेबलावर आहे, उडू नये म्हणून वर भाऊंचा चष्मा. मुलगा अजून घरीच. मी रोज ड्युटी संपली की शेडमधल्या एकेकाला विचारतो, आणि जो तो मान खाली घालतो. नोकरी सगळ्यांनाच प्यारी, कोणाला काय बोलू? थकलो बुवा. भाऊ हे इतकी वर्षं कसं करत होते, देव जाणे.

काल क्रेनवाला हळूच म्हणाला, "भैया, सीढ़ी पे तेल था." मी तसाच स्मृति नगरला गेलो. वहिनींना सांगताना मला हुंदका आवरला नाही. त्यांनी डोळे पुसले, चहा ठेवला, कप माझ्यापुढे सरकवला.

"बसा, भाऊजी. चहा घ्या," त्या म्हणाल्या. "आता दिवा लागला होता का, तेवढं विचारून या."