किटली आणि एसी एकदम चालणार नाहीत

“पंधरा केव्हीए दे त्याला. खलास!” आमचे मॅनेजर वर्गीस म्हणाले. तो डिझेल जनरेटर सेट आमच्या अझैबाच्या शोरूममध्ये दोन उन्हाळे धूळ खात पडला होता.

“सर, एका खोलीचा ट्रेलर आहे. हा सेट न्यायला मागे दुसरा ट्रेलर लागेल.”

“मग तोही विकू!”

मी वसईचा, इथे आखातात जनरेटरचा सेल्स इंजिनिअर. ग्राहक होता सालिम. मायदेशी निघालेल्या एका अमेरिकन माणसाकडून त्याने जुनापुराणा ट्रेलर घेतला होता. गाडीमागे ओढून न्यायची पत्र्याची खोली. खजूर उतरवायच्या दिवसांत त्याच्या आईला वाळवंटाकाठच्या माहेरी राहायचं होतं. म्हणजे ऐन जूनमध्ये. डॉक्टर उन्हाला नाही म्हणत होते, आई डॉक्टरला. एसी हवाच होता.

बरका गावी त्याच्या शेतावर जाऊन बघितलं. ट्रेलर ११० व्होल्टचा, आमचा सेट २४०चा. सरळ जोडला असता तर एसी, फ्रिज आणि माझी नोकरी एकदम जळाली असती. वर्गीसना फोन केला.

“ट्रान्सफॉर्मर पण विक,” ते म्हणाले.

मी ११० व्होल्टचा, तीन केव्हीएचा छोटा पेट्रोल सेट डेमोला नेला. सालिमने हौसेने एसी, फ्रिज, किटली सगळं एकदम लावलं. सेट खोकला आणि मेला. एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर तिप्पट-चौपट करंट ओढतो. त्यात किटलीचा भार.

“छोटा पडतो. मोठाच दे,” सालिम हिरमुसून म्हणाला.

आत आई घामाघूम बसली होती. तिने काठी आपटली. “का बंद पडलं?”

मी मोडक्या अरबीत म्हटलं, “खाला, सगळ्यांनी एकदम मागितलं.”

“मग एकेकाला द्या! मी सात पोरं एका ताटात वाढवलीत.”

तिने सगळं बंद करवलं. आधी एसी. तो स्थिरावल्यावर फ्रिज. चहाची वेळ झाली तेव्हा तिने स्वतः एसी बंद केला, किटली लावली आणि पोराकडे असं बघितलं की सालिम “यल्ला, चल, हाच दे” एवढंच बोलला.

वर्गीस आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मला बरंच काम उरकता आलं.

जूनमध्ये सालिमला फोन केला. सेट मस्त चालला होता, आई गारव्यात बसून खजूर निवडत होती. “फक्त आम्हाला कोणाला स्विचला हात लावू देत नाही,” तो कुरकुरला.

तेव्हापासून मी ग्राहकाला लोड विचारतोच, पण त्याआधी विचारतो, घरात हुकूम कोणाचा चालतो? सगळेच हुकूम सोडत असतील तर पंधरा केव्हीए.