पुजंपुरती बंदूक

सर्वपित्री अमावस्येला सकाळीच तात्यानं, म्हंजे माझ्या चुलत्यानं, माळ्यावरनं बंदूक काढली आन माझ्या मांडीवर टाकली. "साफ कर," म्हणला. बास. लेकराला खुळखुळा द्यावा तसं.

आमच्या घरात अमावस्येला केस कापत न्हाईत. नवं कापड घालत न्हाईत. मी गाडी भाईर काढली तर काकी आधी चाकाखाली लिंबू ठेवती. आन हितं तर बंदूकच निघाली. काकी वडं तळत व्हती, झारा तसाच हातात धरून नुसती बघत ऱ्हायली. कढईतला वडा काळा झाला.

बंदूक कशापायी निघालीया, ते घरात सगळ्यांना ठावं व्हतं. आमचं गाव फलटणजवळ, चारीकडं ऊस. तात्याच्या आन भावकीतल्या एका चुलतभावाच्या रानामधी बांध हाय. हाय म्हंजे व्हता. त्या भावानं जेसीबी लावून निम्मा बांध आपल्या रानात घेतला. तात्या फौजेतनं रिटायर झालेला माणूस, डेअरीत दूध घालताना त्येला जाब विचारायला गेला. तर त्यो सगळ्या लाइनीसमोर म्हणला, "तात्या, तू आन तुझी बंदूक, दोन्ही पुजंपुरतीच."

लोकं हसली. तात्या दूध न घालताच किटली घिऊन घरी आला. तवापासनं त्येच्या शिव्या बंद झाल्या. एरवी रोज सांजंला भावाच्या सात पिढ्या उद्धरायचा. शिव्या थांबल्या, तवाच मला भ्या वाटलं.

मी कुपवाडला एका वर्कशॉपमधी कामाला हाय. सणाला गावी आलो की माझं एकच काम, सगळ्यांच्या नकला करायच्या. डेअरीचा सेक्रेटरी दुधाचा वास कसा घेतो, सरपंच भाषणात खोकतो कसा. काकी हसून हसून पदर तोंडात घालती. त्या दिवशी मी सरपंच केला, सेक्रेटरी केला, शेवटी डेअरीतली म्हसबी केली. कोणच हसंना. मग गप घासायला बसलो.

बंदूक आज्याची. लायसन पिकाच्या राखणीचं, पण आज्यामागं ती कोण वापरलीच न्हाई. वर्षातनं एकदा खंडेनवमीला खाली यायची, तिच्यावर हळद-कुंकू पडायचं, नारळाचं पाणी शिंपडायचं, आन तशीच वल्ली फडक्यात गुंडाळून परत माळ्यावर. पुजलेलं पुसायचं न्हाई म्हणून कवा कोण पुसलीबी न्हाई. पुजून पुजून सडवली बिचारीला. मी वायर ब्रश मारला तर हात लालभडक झालं. गंज कुठला आन कुंकू कुठलं, कळंना.

रॉकेल आता मिळत न्हाई, म्हणून ट्रॅक्टरचं डिझेल काढायला मागं गेलो. काकी पाठोपाठ आली.

"लय घासू नगंस बाळा."

"काकी, तात्या समोर खुर्ची टाकून बसलाय."

"मग हळू घास."

हळू घासलं तर तात्याला कळतंय. त्यो फौजेतल्या आवाजात वरडायचा, "चिंदी लाव. फुलतरू वड!" फुलतरू म्हंजे दोरी. तिच्या टोकाला कापडाची चिंदी बांधायची आन नळीतनं आरपार वडायची. पैल्यांदा वडली तर नळीतनं कुंभारीण माशीचं मातीचं घरच भाईर आलं.

"तात्या, हितं भाडेकरू ऱ्हात व्हतं की!"

तात्या हसला न्हाई. "उसात डुकरं लय झाल्यात," म्हणला.

"कंच्या बाजूनं येत्यात?" मी आपलं सहज विचारलं.

"बांधाकडनं."

मी परत चिंदी वडायला लागलो. सांजंला बोल्ट, म्हंजे गोळी आत ढकलायचा दांडा, मागंपुढं व्हायला लागला. त्येच्याबगर बंदूक निस्ती काठी. तात्यानं बंदूक हातात घेतली, बोल्ट वडला, खटॅक करून सोडला. परत वडला, परत सोडला. इतक्या दिसांनी हसला. ते हसू मला आवडलं न्हाई.

"उद्या तेल पाजू तिला. परवा डुकरं बघू."

दुसऱ्या दिवशी मी आंघूळ करून देवघरात गेलो तर काकीनं घट बसवला व्हता. पत्रावळीवर माती, मातीत धान, वर पाण्याचा घट. आन मातीला चिकटून बंदूक, कुंकू लावून, झेंडूची माळ घालून.

तात्या दारात थबकला. "अगं, हत्यारं नवमीला मांडत्यात."

"औंदा आधी मांडली," काकी वातीला तेल घालत म्हणली. "उचला की. कोण न्हाई म्हणतंय?"

पुजंला बसवलेलं हत्यार दसरा झाल्याबगर उचलायचं न्हाई, ह्ये आमाला तात्यानंच शिकवलेलं. एकदा नवमीला मी पान्हा उचलला तवा कानफटात वाजवली व्हती त्येनं. त्येचा हात बंदुकीपतोर गेला, आन मागं आला.

मी शेठला ताप आल्याच्या आवाजात फोन लावला आन रजा वाढवली. माझ्या नकलंचा तेवढाच उपेग झाला.

काकी रोज घटाला पाणी घालायची. दुसऱ्या बाया चूळभर शिंपडत्यात, ही तांब्यावर तांब्या वतायची. मातीतनं पाणी झिरपायचं आन बंदुकीखाली साठायचं. तात्या आरतीला हुबा ऱ्हायला की त्येची नजर त्या पाण्यावर. त्येला दिसत व्हतं, काकीलाबी ठावं व्हतं की त्येला दिसतंय. दोघं एका सुरात आरती म्हणायची. आरती झाली की तात्या बांधावर जाऊन बसायचा, पार दिवस बुडूस्तवर.

दसऱ्याला तात्यानं बंदूक उचलली. बोल्ट हलंना. मी डिझेल सोडलं, लाकडाच्या हातोड्यानं ठोकून ठोकून बोल्ट सुटा केला आन तात्याच्या हातात दिला. सगळा तांबडा पडला व्हता.

तेवढ्यात दारात आवाज आला. "तात्या, सोनं घ्या!" बांध कोरलेला त्योच चुलतभाऊ. हातात आपट्याची पानं, मागं चार पोरं. माझ्या मांडीवरची बंदूक बघून म्हणला, "अजून पुजाच चाललीया व्हय?"

पोरं फिदीफिदी हसली. तात्याची मूठ बोल्टावर आवळली. काकी ताट घिऊन उंबऱ्यात हुबी. तात्यानं डावा हात पुढं केला, पानं घेतली. भाऊ गेला, रस्त्यानं त्येचं हसू लांबपतोर आयकू येत व्हतं.

मग तात्यानं बोल्ट माझ्या हातात ठिवला.

"कुपवाडला ने. मशीनवर घास."

"आज हितंच घासतो की तात्या."

"न्हाई. तिकडं ने." आन जरा थांबून म्हणला, "घाई करू नगंस."

आता बोल्ट वर्कशॉपात माझ्या कपाटात हाय, डिझेलच्या डब्यात. तात्याचा फोन येतो. ख्यालीखुशाली न्हाई, काय न्हाई.

"झालं का?"

"न्हाई तात्या. गंज लय खोल गेलाय."

"बरं."

काल परत आला. म्हणला, "दोन्ही रानातला ऊस तुटला. बांधापतोर समदं मोकळं दिसतंय आता. झालं का रं?"

"न्हाई, तात्या."

त्येनं 'बरं' म्हणलं न्हाई. फोनबी ठिवला न्हाई. मीबी ठिवला न्हाई. वर्कशॉपातलं मशीन बंद केलं आन तात्याचा श्वास आयकत हुबा ऱ्हायलो.