खुर्ची सोडून उठणारे वकील

इरफानचा फोन दुपारी आला. "ताई, अब्बा गेले," एवढंच म्हणाला. रडू नंतर आलं... आधी भीती वाटली. चारच दिवसांपूर्वी उरणला त्यांच्या पलंगाशी मी जे केलं, त्यामुळे तर नाही ना गेले मुकादम वकील? महिना उलटला, पण हा प्रश्न पाठ सोडत नाही.

त्यांच्या वाशीच्या ऑफिसात मी टायपिंग करायचे. साहेब फौजदारी खटले चालवायचे. कुठल्या साक्षीदाराला काय विचारायचं, यात आरोपीनं तोंड घातलं की ते उखडायचे. "ते माझं काम, तू गप बस!" पण गुन्हा कबूल करायचा का, स्वतः साक्षीला उभं राहायचं का, असलं काही आलं की आपल्या खुर्चीतून उठायचे, आरोपीला तिथे बसवायचे आणि स्वतः स्टुलावर बसायचे. बाकीचे सगळे बाहेर, दार बंद. मला ते निव्वळ नाटक वाटायचं, खरं सांगते.

मग माझ्या भावावरच वेळ आली. घणसोलीत कुंपणावरून भांडण झालं, शेजाऱ्याचं डोकं फुटलं आणि जनादादावर केस झाली. कोर्टात सरकारी साक्षीदार लटपटले, दादानंच मारलं असं कुणालाच ठामपणे सांगता येईना. दादा गप्प राहिला तर सुटेल, असं साहेबही म्हणत होते. पण त्याला बोलायचं होतं... मारलं मीच, पण त्यानं बाबांचा गळा धरला होता म्हणून मारलं. आरोपीनं स्वतः लिहून मागितल्याशिवाय त्याची साक्ष होत नाही. आई साहेबांपुढे हात जोडून उभी राहिली. "तुमी त्याला नको बोला ना, वकीलदादा. तुमचा आयकंल तो." मी तर सरळ भांडलेच. "मग तुम्ही वकील कशाला आहात?"

"धोके त्याला दोनदा सांगितलेत," साहेब म्हणाले. "मला विचारशील तर त्यानं बोलू नये. पण आत कोण जाणार, मी की तो?" आणि खुर्ची सोडून उठले.

दादानं त्या खुर्चीत बसून अर्ज लिहिला. आई आणि मी दाराबाहेर. उलटतपासणीत सरकारी वकिलानं त्याला पार सोलून काढलं. एका वर्षाची शिक्षा झाली. घर चालवायचं म्हणून मी नोकरी सोडली नाही, पण साहेबांशी कामापुरतंच बोलायचे. सुटल्यावर दादा घराआधी त्यांच्याकडे गेला, तेव्हा तर माझं डोकंच फिरलं. "अरे, तुझं वाटोळं केलं त्यांनी!"

"नाय गं," दादा म्हणाला. "तुमी सगली माझ्यासाठी ठरवीत व्हता. त्यांनी एकट्यांनी मना इचारला."

पुढे साहेबांना हृदयाचं दुखणं लागलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा. साहेब हो म्हणेनात. इरफाननं मला उरणला घरी बोलावून घेतलं. "ताई, तुम्ही दटावलंत तर ऐकतील." पलंगाशेजारी एकच खुर्ची होती, मी तीत बसले. साहेबांनी विचारलं, "तू काय म्हणतेस, पोरी?"

"मला विचाराल तर करा. आजच करा." पुढचं सगळं तोंडावर आलं होतं... रडणं, शपथा घालणं, नातवंडांची नावं घेणं. तेवढ्यात दादा आठवला. मी उठले, त्यांना आधार देऊन त्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः खाली बसले. साहेब हसले. "शिकलीस की गं." मग म्हणाले, "नको."

आता ऑफिस आवरायला मी रोज जाते. इरफान येतो, फायली नेतो, माझ्याकडे बघत नाही. काल दारातून एकदाच त्यानं विचारलं, "हट्ट का नाही केलात?" अगदी माझाच जुना आवाज. चुकले का मी? रोज सकाळी वाटतं, चुकलेच. तरी ती खुर्ची मी पुसते, पण तीत बसत नाही. टेबलापासून जराशी मागे ओढून ठेवते. साहेब उठले की ती अशीच राहायची, समोरच्याला बसता यावं म्हणून.