रेडियल म्हणजे पाणी

मी थेरगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. 'अरीय सममिती' असं फळ्यावर लिहिलं की मुलांचे चेहरे पडतात. मग मी सायकलचं चाक काढते. अर म्हणजे चाकाचा आरा. मधून निघून चहूकडे पसरतं ते अरीय. इंग्रजीतला 'रेडियल'ही लॅटिनमधल्या आऱ्यापासूनच आला, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ किरण. दोन भाषांना एकच चाक सुचलं याचं मला अजून कौतुक वाटतं.

आमच्या घरात मात्र हा शब्द पुस्तकातून आला नाही. बाबा परभणीहून आले आणि चाकणच्या एका कंपनीत रेडियलवर लागले. रेडियल म्हणजे ड्रिलचं मोठं मशीन. जड जॉब, म्हणजे भोकं पाडायचा लोखंडी भाग, जागचा हलत नाही, मशीनचाच लांब हात खांबाभोवती फिरून त्याला भोकं पाडतो. "आज रेडियल रुसलं होतं," असं बाबा जेवताना सांगायचे. आई म्हणायची, "माझी सवत आहे ती."

रिटायर होऊन वर्ष झालं नव्हतं, तोच त्यांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि सगळे शब्द गेले. एकच उरला. शुद्धीवर आल्यावर आईकडे बघून ते म्हणाले, "रेडियल."

डॉक्टर म्हणाले, त्यांना कळतं सगळं, मनात बरोबर असतं, तोंडातून मात्र एवढंच निघतं. भेटायला येणारे हसू दाबायचे. एक चुलतकाका तर म्हणाले, "काय दादा, अजून ड्यूटीवरच का?" त्यांना मी चहा विचारला नाही.

आई मात्र ही भाषा शिकली. शेवट लांबवला की पाणी. तुटक म्हटलं की पंखा बंद करा. खाली बघून हळू म्हटलं की बाथरूमला न्या. ते सांगताना बाबांना फार लाज वाटायची. आई ओट्यापाशी उभी राहूनच सांगायची, "पाणी मागायलेत, दे." मला काही जमेना. मी चमचा, टॉवेल, रिमोट एकेक पुढे करायचे, ते चिडायचे आणि मग रडायचे. जगाला शब्दांचे अर्थ सांगत फिरणारी मी, बापाचा एक शब्द मला कळत नव्हता. याचा इतका राग यायचा की काय सांगू.

एका सकाळी आई खाली भाजी आणायला गेली होती. मी बाबांची दाढी करत होते. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "रेडियल." ते पाणी नव्हतं, पंखाही नव्हता. "काय हवंय, बाबा?" ते पुन्हा तेच म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. दुसरं काही सुचेना म्हणून मी पाणीच आणायला उठले. परत आले तोवर त्यांची मान कलली होती.

तेरावं झाल्यावर मी हे आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. हातातली जुडी तिनं बाजूला ठेवली.

"कसं म्हणले ते? म्हणून दाखव, मी सांगते."

"रेडियल," मी म्हटलं.

"असं नसतील म्हणले. नीट आठव."

मी लांबवून म्हटलं, तोडून म्हटलं, हळू म्हटलं. आई डोळे मिटून ऐकत राहिली. "पुन्हा म्हण," म्हणत राहिली. मला त्यांच्यासारखं एकदाही म्हणता आलं नाही.