डिकीतले भावोजी

लहानपणी इस्त्री उघडून बघताना तिने अख्ख्या घराचा फ्यूज उडवला, तेव्हापासून ती फ्यूजबाई. वडील कपाळाला हात लावून बसले होते आणि ही मेणबत्तीच्या उजेडात त्याच इस्त्रीचा पुढचा स्क्रू काढत होती. पुढे तिने गाड्यांच्या वायरिंगचंच दुकान टाकलं.

तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे तिचे भावोजी, स्वतःला सर्वज्ञ समजत. त्यांच्या गाडीचा मागचा वायपर रुसला, तेव्हा मेहुणीला न विचारता त्यांनी स्वतःच मोटर बदलली. तरी डिकी उघडी असली की वायपर झकास फिरायचा आणि लावली की गप्प. शेवटी बहिणीनेच नवऱ्याला गाडीसकट दुकानात आणलं.

"नवी मोटरच फालतू निघाली," भावोजींनी निकाल दिला.

"असेल बाई," म्हणत फ्यूजबाईने डिकीच्या दाराचं आतलं कव्हर काढलं आणि मोटरच्या वायरीला टेस्टिंगचा दिवा जोडला. दिवा लागला. "आता दार लावल्यावर काय होतं ते आतून बघायला हवं. तुमच्यासारखा जाणकार माणूस असेल तर..."

भावोजी फुगले आणि तसेच डिकीत शिरले. गुडघे हनुवटीला टेकले. हिने धाडकन दार लावलं.

"विझला!" आतून आवाज आला.

"म्हणजे मोटरपर्यंत करंटच येत नाही. वर बिजागरीजवळ रबरी नळी आहे बघा, ती दाबा."

त्यांनी दाबली. दिवा लागला, वायपर फिरला. नळीच्या आत वायर तुटली होती; दार उघडं असताना टोकं एकमेकांना टेकत, लावलं की सुटत. दोष सापडला होता. पण काचेमागे भावोजींचा घामेजला चेहरा आणि त्यावरून सरकणारा वायपर बघून फ्यूजबाईला मोह आवरेना.

"सोडा... दाबा... सोडा. खात्री करून घेते हं!"

शेजारचा पंक्चरवाला हातातलं काम टाकून बघायला आला. बहीण तोंड दाबून हसत होती.

"अगं, उघड आता!"

"लॉकची वायरही त्याच नळीतून जाते, भावोजी. सीटवरून या."

ते खुरडत, घसरत, एक चप्पल आतच सोडून बाहेर आले. तेवढ्यात हिने एका बोटाने डिकी उघडली.

"उघडतेय की!"

"हो की! वजन कमी झालं असेल."

बहिणीला ठसका लागला. फ्यूजबाईने तुटलेल्या जागी जरा सैलसर नवी वायर जोडली, डिकी लावली आणि वायपर गुमान फिरू लागला.

संध्याकाळी भावोजी फोनवर मित्राला सांगत होते, "हिच्या बहिणीला काही सुचेना. शेवटी मीच आत शिरून फॉल्ट पकडला."

बहिणीने ते लगेच फ्यूजबाईच्या कानावर घातलं. तिने मुळीच वाद घातला नाही. तसाच बिघाड असलेली दुसरी गाडी दुकानात आली, तेव्हा तिने अगदी आदबीने त्यांनाच बोलावलं. भावोजी जुनी पँट घालून हजर झाले.