पटेलभाई चार नंबर

माणसाला त्याच्या पूर्ण नावानं हाक मारणारा अख्ख्या सुरतेत एकच माणूस उरला आहे, आणि तो माझा थोरला साडू आहे. उधन्याच्या बाजारात मेथी निवडता निवडता ते भाजीवालीला तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव विचारून घेतात आणि पुढच्या खेपेला तिन्हींसकट हाक मारतात. बारशाला गेले की पाळण्याआधी जन्मदाखला बघतात. माझ्या मोबाइलमध्ये 'गॅसवाला' असं नाव दिसलं म्हणून त्यांनी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला होता. "गॅसवाला हा धंदा झाला, साडूभाऊ. त्याच्या आईनं त्याचं काहीतरी नाव ठेवलंच असेल ना?"

याचं मूळ त्यांच्या वडिलांत आहे. नामदेव श्रावण पाटील खानदेशातून आले आणि उधन्याच्या एका मिलमध्ये आयुष्यभर चार नंबरच्या मागावर उभे राहिले. पण सुरतेच्या जिभेला पटेलच सोपं. हजेरीपटावरही पटेलच लागलं, आणि साडूंच्या लग्नात मिलवाल्यांच्या आहेरावर 'पटेलभाईना दीकराने', म्हणजे पटेलभाईंच्या मुलाला, असं लिहून आलं. ते त्यांना अजून झोंबतं. पुढे तापीच्या पुरात घरातले सगळे फोटो गेले. वडिलांचा एकही उरला नाही.

मिल बंद पडून बरीच वर्षं झाली. यंदा जुन्या कामगारांच्या घरच्यांनी स्मरणिका काढायची ठरवली, प्रत्येकाचा फोटो आणि खाली नाव. साडू पलसाण्याच्या एका डाइंग हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, कॉम्प्युटरवर असतात, म्हणून काम त्यांच्या गळ्यात पडलं. नावांची यादी हजेरीपटावरून तयार झाली, फोटो घरोघरून व्हॉट्सअ‍ॅपवर आले, आणि फायलींची नावं काय, तर 'bhau pasport 2', 'aaba new', 'सुरेसभाई फायनल फायनल'. साडूंनी कपाळाला हात लावला आणि फाइल कुणाची ते यादीतून शोधून काढणारा एक प्रोग्रॅम लिहिला. स्पेलिंग थोडं इकडेतिकडे चालेल, आडनाव पुढे असो की मागे, आणि नावाला चिकटलेलं भाई, बेन, राव कापून टाकायचं. पहिल्याच दिवशी त्यानं आमच्या भाईदास चौधरींचं 'भाई' कापलं आणि उरलेला दास नेऊन ओडिशाच्या एका दासांच्या नावासमोर बसवला. साडूंनी दोन्ही घरी फोन करून गंभीरपणे माफी मागितली. दासांची मुलगी म्हणाली, "कोई बात नहीं अंकल, दोनों एक ही खोली में रहते थे."

त्यांचे दोन नियम मात्र अढळ होते. एक, फोटो उघडायचा नाही, फाइलचं नाव तेवढं वाचायचं. तोंड बघून माणसाला नाव चिकटवायचं, हे मिलच्या दरवानाचं काम, असं त्यांचं म्हणणं. दुसरा, पाटील आणि पटेल एक धरायचे नाहीत. "बाकी सगळ्यांना सूट आहे. इथं नाही." यादी हातात आल्यावर सगळ्यात आधी त्यांनी वडिलांचं पटेल खोडून पाटील केलं होतं.

शनिवारी छपाईला जायचं होतं. शुक्रवारी दुपारी पाहिलं तर दहा-बारा नावं फोटोवाचून राहिलेली आणि आठ-नऊ फोटो नावावाचून. वडिलांची चौकट रिकामी सोडायची, असं साडूंनी ठरवून टाकलं होतं. माझी बायको म्हणाली, "दाजी, उरलेले फोटो निदान मला तरी बघू द्या." त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभे राहिले. ती एकेक उघडत गेली. 'patelbhai 4 number' नावाची फाइल मागांवर देखरेख करणाऱ्या मिलच्या जुन्या मास्तरांच्या मुलीनं पाठवली होती, आणि 'पटेल' एवढं वाचूनच साडूंनी ती बाजूला टाकली होती. बनियनवरचा एक माणूस मागावर हात ठेवून उभा, केसांत कापसाची कुसं, आणि डावा खांदा थेट साडूंसारखा उतरलेला.

"दाजी, इकडं या जरा."

आमच्याशी साडू नेहमी पुस्तकी मराठीत बोलतात. चष्मा लावून त्यांनी पाहिलं आणि घरच्या अहिराणीत म्हणाले, "हाऊ मना आबा शे." हे माझे वडील. मग खुर्चीत बसले. फाइलचं नाव वाचून म्हणाले, "मी नाव सुधारलं नसतं तर पहिल्याच दिवशी सापडले असते. पटेलभाई म्हटलं की ते वळून बघायचेच की."

स्मरणिकेत फोटोखाली नामदेव श्रावण पाटील असं छापलं आहे, आणि त्याखाली बारीक अक्षरांत, साडूंनीच सांगून घातलेलं, 'पटेलभाई'.

परवा काही कागद छापायला त्यांच्या घरी गेलो होतो, तेव्हा त्यांच्या कॉम्प्युटरवर तो फोटो दिसला. फाइलचं नाव बदललेलं होतं. वडिलांचं नाव नाही, आजोबांचं नाही, आडनावही नाही. नुसतं 'आबा'. खरं तर अबोला धरायची पाळी आता माझी होती. पण मी फाइल होती तिथं ठेवली आणि आत मेहुणीला त्यांच्यासाठी चहा टाकायला सांगितलं.