सुभेदारांचा चाप मी हलका केला

हे मी शांतालाही सांगितलं नाही. चाळीस वर्षं आम्ही एका छपराखाली काढली, तिचं दुखणंखुपणं मी पाहिलं, माझं तिने पाहिलं — पण एवढं एक तिच्यापासून राखलं. ती गेली तेव्हा मी उशाशी बसलो होतो. तोंडापर्यंत आलं होतं. तेव्हाही भ्यायलो. जी आता कुणाला काही सांगायला उरणार नव्हती, तिला भ्यायलो. तुम्हाला सांगतोय, तर मध्येच थांबलो तरी उठून जाऊ नका.

मी भिंगारचा. लष्कराच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होतो, वर्दीतला नव्हे, सिव्हिलियन. बिघडलेली हत्यारं दुरुस्त करायचो. हातात कसब होतं, आणि ते आहे हे मला जरा जास्तच माहीत होतं. खाजगी हत्याराला हात लावायचा नाही, हा तिथला पहिला नियम. लावला तर नोकरी जायची, वर खटला. माझ्या दोन मुली तेव्हा शाळेत होत्या.

बहात्तर सालच्या दुष्काळात एका रविवारी सुभेदार माझ्या घरी आले. फौजेतून निवृत्त झालेला माणूस. भिंगारच्या पुढे दोन कोसांवर त्यांची वस्ती. उंच, ताठ, कमी बोलणारे. शेजारीच धाकटा भाऊ महादू राहायचा, आणि दोघांत मिळून एक विहीर. सुभेदारांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर काढलं — इंग्रजांच्या काळातलं, लष्करी, लायसनचं.

तशा रिव्हॉल्व्हरचा बार दोन तऱ्हांनी निघतो. एक तर मागचा घोडा आधी अंगठ्याने चढवायचा. मग चापाला बोट टेकलं तरी पुरे. नाहीतर सरळ चाप ओढायचा — मग तोच घोडा चढवतो आणि तोच सोडतो. ही ओढ फार जड असते, बोट दुखून येतं. सुभेदारांचा उजवा अंगठा लढाईत निकामी झालेला. आणि उतारवयात बोटात तेवढा जोर राहिला नव्हता. माणसं वस्तीवरचा चारा पळवत होती, दोनदा काठ्या घेऊन अंगावर आली होती. हवेत एक बार काढता आला तरी पुरे, म्हणाले. चाप हलका करून द्याल का?

मी नाही म्हणायला हवं होतं. चापाचं ते ओझं उगीच नसतं, हे मला शिकवलेलं होतं. माझे उस्ताद म्हणायचे, ओझं हेच त्याचं कुलूप. पण सुभेदार म्हणाले की एवढं बारीक काम नगरात दुसऱ्या कुणाच्या हातून व्हायचं नाही — आणि मी फुगलो. बस, एवढंच. कुणी धमकावलं नव्हतं, गळ घातली नव्हती. स्तुती केली होती.

जाताना त्यांनी शब्द दिला, "तुमचं नाव माज्या तोंडून निघायचं न्हाई."

आतली जुनी स्प्रिंग काढून मी तिथे माझ्या हातची नरम स्प्रिंग बसवली. पुढच्या रविवारी ते आले. मोकळ्या रिव्हॉल्व्हरचा चाप त्यांनी ओढून पाहिला आणि पहिल्यांदा हसले. लोण्यासारखा चालत होता. गरजेपेक्षा हलका झाला होता — हे मला कळलं होतं का? कळलं होतं. बार काढायच्या क्षणाआधी बोट चापावर ठेवूच नका, हे हत्यार आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही, असं बजावायला हवं होतं. मी फक्त "जपून" म्हणालो. जास्त बोललो असतो तर कामात खोट आहे असं वाटलं असतं त्यांना. जुनी स्प्रिंग माझ्याकडेच राहिली.

दीड महिन्याने वर्कशॉपमध्ये दुपारच्या सुट्टीत बातमी आली. सुभेदारांनी सख्ख्या भावाला गोळी घातली.

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. कुणीतरी सांगत होतं, आदल्या दिवशी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांची चारचौघांत जुंपली होती. सुभेदार म्हणाले होते, तुझी रगच जिरवतो. आणि सकाळी विहिरीवर गोळी. महादू सिव्हिल हॉस्पिटलात, पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागणार. सगळे हळहळत होते. मी कशाला घाबरलो होतो? महादूच्या पायासाठी? नाही. माझी स्प्रिंग त्या हत्यारात होती.

ते चार दिवस मला अजून आठवतात. जुनी स्प्रिंग खिशात घेऊन फिरत होतो. भिंगार नाल्यात टाकायला गेलो, तर नाला कोरडा आणि काठावर माणसं. रस्त्यावर जीप वाजली की आतल्या खोलीत जाऊन बसायचो. शांता म्हणाली, ताप आहे का? मी हो म्हणालो. आणि पांघरूण घेऊन पडलो.

पाचव्या दिवशी जीप खरंच आली, पण मला धरायला नाही. फौजदारांना हत्याराची माहिती असलेल्या माणसाचं मत हवं होतं, आणि आमच्या साहेबांनी माझं नाव सांगितलं. सुभेदारांनी शब्द पाळला होता. चुकून सुटली, एवढंच ते म्हणत होते. चाप कुणी हलका केला हे तर सोडाच, तो हलका होता हेही त्यांनी सांगितलं नव्हतं. ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न माझ्यापाशी आला असता.

फौजदारांनी सील तोडलं, रिव्हॉल्व्हर माझ्या बाकावर ठेवलं आणि साहेबांबरोबर चहाला गेले.

इथे मी नेहमी थांबतो. मनातल्या मनातसुद्धा. चहाला किती वेळ लागतो? तेवढ्यात मी माझी स्प्रिंग काढली आणि खिशातली जुनी बसवली. घामाने पेचकस हातातून निसटत होता. दाराकडे पाठ होती, आणि प्रत्येक पावलाला वाटत होतं, आता खांद्यावर हात पडेल. पडला नाही.

ते आले तेव्हा मी म्हणालो, साहेब, तुम्हीच ओढून बघा. त्यांनी ओढला. बोट पांढरं पडलं तेव्हा कुठे घोडा पडला. कागदावर मी लिहून दिलं — चाप मूळचाच, जड. सहजी सुटणार नाही.

कोर्टात सुभेदारांचा जबाब वाचला गेला तेव्हा मला खरं काय झालं ते कळलं. पिसाळलेलं कुत्रं विहिरीशी आलं होतं. त्यांनी नेम धरला, बोट चापावर. तेवढ्यात मातीच्या ढिगामागून महादू ओरडत पुढे आला, ते त्याच्याकडे वळले आणि वळता वळता बार निघाला. कुत्रं दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. वकिलांनी मला विचारलं, हे रिव्हॉल्व्हर नुसत्या वळण्याने सुटेल का? मी नाही म्हणालो. आवाज अगदी स्वच्छ निघाला.

बाहेर व्हरांड्यात सुभेदार बेड्या घालून बाकावर बसले होते. मला तिथूनच जायचं होतं. त्यांनी मान वर केली. रागावतील, ओरडतील, सगळ्यांसमोर नाव घेतील, असं वाटलं.

"जुनी स्प्रिंग बसवली व्हय परत?" त्यांनी हळूच विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

"बरं केलं. आता कुनाला लागायचं न्हाई."

टोमणा होता की खरंच तसं म्हणायचं होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. सुटून आले तेव्हा वस्तीवर त्यांच्याशी कुणी बोलेना. दोन-तीन वर्षांत गेले. महादू खांदा द्यायला तर नाहीच, दारातही आला नाही.

पण मी सांगायला बसलो ते हे नाही. स्प्रिंग बदलली तेव्हा मी भ्यालेला होतो, नोकरी होती, मुली लहान होत्या — तुम्ही म्हणाल, भीतीने माणूस काय करत नाही. म्हणून पुढचं सांगतो.

मी निवृत्त झालो. मुली सासरी सुखात होत्या. पेन्शन सुरू होती. सुभेदार जाऊन बराच काळ लोटला होता. जुनं प्रकरण उकरायला कुणी येणार नव्हतं. एका सकाळी मी ठरवून महादूच्या वस्तीवर गेलो. सांगायलाच गेलो होतो. ओसरीवर कुबड्या बाजूला ठेवून तो शेंगा फोडत बसला होता. मला ओळखलं. बसा म्हणाला, सुनेला चहा टाकायला सांगितला. भावाचं त्यानेच काढलं. लहानपणी दादा खांद्यावर बसवून ओढ्यापलीकडे न्यायचा, फौजेतून पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा माझ्यासाठी बूट आणले होते, असं काय काय सांगत राहिला. मग शेंगा फोडायचा थांबला.

"तुमी तर ते हत्यार हातात घेऊन बगितलं हुतं," तो म्हणाला. "खरं सांगा. चुकून सुटण्यासारखं नव्हतंच का ते?"

ज्यासाठी गेलो होतो, ते त्याने माझ्या ओंजळीत ठेवलं होतं. फक्त 'होतं' एवढंच म्हणायचं होतं. त्याचा दादा त्याला परत मिळाला असता.

मी म्हणालो, "नाही. नव्हतं."

कुणाला भ्यायलो मी? पोलीस नव्हते, साहेब नव्हते. समोर एक पाय गेलेला म्हातारा होता, आणि तो माझ्याकडे कसं बघेल याला मी भ्यायलो.

महादूने मान खाली घातली. "मंजी मारलंच मला दादानं," असं स्वतःशीच म्हणाला, आणि परत शेंगा फोडू लागला. सुनेने चहा आणला. मी तो सगळा प्यायलो, कप खाली ठेवला आणि येतो म्हणून निघालो.

पुढच्या पावसाळ्यात महादू गेला. तेच मनात धरून गेला.